‘हॅड’ म्हणालीस, मग पुढे?

बाईंच्या क्लासात पाच मशिनं होती, तीन रेमिंग्टनची आणि दोन गोदरेजची. खाली पिठाची गिरणी होती. दुपारच्या बॅचला वर गेलं की कळांवर पिठाचा पातळ थर बसलेला असे. बाई जुन्या टूथब्रशनं एकेक खिळा झाडायच्या, फडक्यानं कळा पुसायच्या आणि मगच आम्हाला बसू द्यायच्या. इंग्रजीतली ‘ई’, ‘ओ’ आणि ‘ए’ ही पोट असलेली अक्षरं आधी बुजतात. पोटात पीठ आणि शाईचा मळ साचला की कागदावर नुसता काळा ठिपका उमटतो. तो ठिपका बाईंना खपत नसे. “वाचणाऱ्यानं अंदाज का करायचा? तुला जे म्हणायचंय ते स्वच्छ दिसलं पाहिजे,” असं त्या म्हणायच्या. तेव्हा मला वाटे, बाई फक्त टायपिंगबद्दल बोलताहेत.

ही जोगेश्वरी पूर्वेची, १९८३ ते ८५ सालांतली गोष्ट. स्टेशनातून बाहेर पडून गुंफांकडे निघालं की डाव्या हाताला एक चाळ होती. तिच्या लाकडी माळ्यावर हा क्लास. पाचही मशिनं एकदम चालू झाली की तक्तपोशी थरथरे आणि खालून गिरणीचा घरघराट वर येई. बाईंनी फोर्टातल्या एका कचेरीत तीस वर्षं स्टेनोची नोकरी केली होती. पिटमनची लघुलिपी त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती की वाण्याची यादीसुद्धा त्या त्याच रेघोट्यांत लिहीत. साहेब लोक सांगायचे ते इंग्रजी नेहमी धड असेच असं नाही. ते टाइप करता करता दुरुस्त करायचं आणि साहेबाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे त्यांचं खरं काम होतं. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी ही मशिनं घेतली.

मी १९८२ साली मराठी माध्यमातून दहावी झाले आणि टेकडीवरच्या इस्माईल युसूफ कॉलेजात अकरावीला गेले. १९३० साली सुरू झालेलं हे कॉलेज आमच्या भागाला मोठा आधार होतं. लोकल न पकडता चालत जाऊन शिकता येईल असं ते ठिकाण. पु. ल. देशपांडे लहानपणी जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेत राहिले आणि पुढे याच कॉलेजात शिकले, हे आमच्याकडे प्रत्येक घरात मुलांना एकदा तरी ऐकवलं जाई. दुपारी टायपिंग. जीसीसीची, म्हणजे सरकारी टायपिंगची, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा द्यायची, मग चाळीसची, मग कुठंतरी चिकटायचं, असा घरचा सरळ हिशेब होता.

माझं इंग्रजी पाचवीपासूनचं. त्या वेळी मराठी शाळांत ते पाचवीलाच सुरू होई. पहिलीपासून आलं ते २००० साली. क्रियापदांची तिन्ही रूपं आम्ही पाढ्यांसारखी म्हणायचो. गो-वेंट-गॉन, कम-केम-कम, सी-सॉ-सीन. बे एके बेच्या चालीवरच ती चालत. घरी अण्णांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. पुठ्ठा गेलेली, दोऱ्यानं शिवलेली. अण्णा कारखान्यातून आले की तिच्यातलं एखादं वाक्य विचारायचे. शंभरावर क्रियापदांची तिन्ही रूपं मी न अडखळता म्हणून दाखवत असे. म्हणून दाखवणं आणि वापरणं यांत किती अंतर आहे, ते कळायला एक दिवस यावा लागला.

बारावीचा निकाल लागला त्या पावसाळ्यात एका कचेरीतून मला टंकलेखिकेच्या जागेसाठी बोलावणं आलं. आधी एकदा जाऊन आले होते, तेव्हा कुणी भेटलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मशीन समोर ठेवलं आणि स्वतःच्या शब्दांत एक पत्र टाइप करायला सांगितलं. मी लिहिलं : लास्ट वीक आय हॅड केम टू युवर ऑफिस बट आय डिड नॉट मेट एनीबडी. वेग उत्तम होता. टंकाची एकही चूक नव्हती. तिथल्या गृहस्थांनी लाल पेन्सिलीनं दोन गोल केले आणि ते वाक्य शेजारच्या टेबलावरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक हसले. चूक काय ते कुणी सांगितलं नाही. कागद परत दिला, “कळवू” म्हणाले.

चर्चगेटहून स्लो लोकलनं जोगेश्वरीला उतरले ती सरळ क्लासात गेले. घरी जायचं धाडस नव्हतं. बाईंनी तो कागद हातात घेतला. हसल्या नाहीत, हळहळल्याही नाहीत. एखाद्या मशिनचा खिळा अडकला तर जशा वाकून बघायच्या, तशा त्या वाक्याकडे बघत राहिल्या.

“‘मी कुणाला भेटले नाही.’ हेच म्हणायचं होतं ना तुला?”

“हो.”

“यात भूतकाळ कुठं आहे?”

मी जरा विचार केला. “भेटले.”

“बरोबर. आपण ‘भेटले’ तसंच ठेवतो आणि पुढं ‘नाही’ जोडतो. म्हणून तू ‘मेट’ तसंच ठेवलंस. तू मराठी बरोबर बोललीस, फक्त इंग्रजी शब्दांत बोललीस. आता बघ. इंग्रजीत ‘डिड’ आला की भूतकाळाचं गाठोडं तो आपल्या डोक्यावर घेतो. एक गाठोडं दोघांनी कशाला उचलायचं? मागच्याला मोकळ्या हातानं चालू दे. डिड नॉट मीट.”

इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या चुकीला कारण होतं, आणि ते कारण माझ्या आईच्या भाषेत होतं. लोकलमध्ये आवरून धरलेलं रडू तेव्हा आलं. बाईंनी ते येऊ दिलं. मग त्यांनी जे विचारलं, त्याचं ऋण मी आजही मानते.

“‘जा’चं ‘गेला’ होतं, हे तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही.”

“बस-बसला, हस-हसला, चाल-चालला. मग जा-जाला का नाही? कर-करला का नाही? मर-मरला का नाही?”

मला एकदम माझा धाकटा भाऊ आठवला. तीन वर्षांचा असताना तो “मी करलं, मी करलं” म्हणत घरभर नाचायचा. आम्ही सगळे त्याला जवळ घेऊन “केलं म्हणायचं रे” असं सांगायचो. त्याच्यावर कुणी लाल गोल केले नव्हते.

“इंग्रजांची पोरंसुद्धा लहानपणी ‘गो’ला ‘ई-डी’ जोडून ‘गोड’ म्हणतात, मग ‘वेंट’वर येतात,” बाई म्हणाल्या. “तू त्यांच्या भाषेत तीन वर्षांची आहेस. मोठी होशील.”

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून मराठीतली आडमुठी क्रियापदं काढली. ये-आला, हो-झाला, दे-दिला, घे-घेतला, खा-खाल्ला, सांग-सांगितलं, धू-धुतलं. बाई सांगत आणि मी टाइपरायटरवर रोमन लिपीत उमटवत गेले. पान भरलं. आयुष्यभर बोलत आलेल्या भाषेत एवढ्या गाठी आहेत आणि त्यातली एकही मला कधी टोचली नाही, हे पाहून इंग्रजीची भीती निम्मी तिथंच उतरली. पुष्कळ वर्षांनी मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हाती आलं, तेव्हा असल्या रूपांचा त्यांनी घेतलेला बारकाईचा शोध पाहून मला बाईंचा माळाच आठवला. ‘जा’ आणि ‘गेला’ मुळात वेगळ्या धातूंतून आलेले. ‘जा’ संस्कृत ‘या’पासून, ‘गेला’ ‘गम्’च्या ‘गत’पासून. आणि इंग्रजीतला ‘वेंट’ही ‘गो’चा सख्खा नाहीच. ‘वेंड’ म्हणजे वळत, वाट काढत जाणं. त्या क्रियापदाचा भूतकाळ ‘गो’नं आपलासा केला. दोन्ही भाषांत नेमकं ‘जाणं’च असं दुसऱ्याच्या घरातून भूतकाळ घेऊन आलं, हे वाचलं त्या दिवशी बाई हयात असत्या तर मी धावत माळ्यावर गेले असते.

दुसऱ्या दिवसापासून माझा सराव बदलला. ‘एएसडीएफजीएफ, सेमीकोलन-एलकेजेएचजे’ झालं की बाई क्रियापदं घालायच्या. एका ओळीत तीन रूपं, प्रत्येक ओळ वीस वेळा. बाईंचं म्हणणं असं की जीभ चुकते, कान फसतो, पण बोटांना एकदा वळण लागलं की ती विसरत नाहीत. ‘रीड’ची तिन्ही रूपं कागदावर सारखीच उमटतात आणि उच्चारात मात्र ‘रेड’ होतं. त्या ओळीत दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपाखाली त्या पेन्सिलीनं टिंब द्यायच्या, वाचताना आवाज बदलावा म्हणून.

‘टॉट’, ‘कॉट’, ‘बॉट’, ‘ब्रॉट’, ‘थॉट’ यांनी मी फार हैराण होते. कानाला सगळी एकाच घरातली, स्पेलिंगला मात्र काहींत ‘ए-यू’ आणि काहींत ‘ओ-यू’. बाईंनी माझे दोन्ही हात मशीनवर नीट ठेवले. “टीच आणि कॅच हे दोघे डाव्या करंगळीचे,” त्या म्हणाल्या. “बाय, ब्रिंग, थिंक, फाइट, सीक हे सगळे उजव्या अनामिकेचे.” ‘ए’ डाव्या करंगळीखाली असतो, ‘ओ’ उजव्या अनामिकेखाली. “का, ते तूच शोध.” मी दोन दिवस त्या ओळी बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी मला ते दिसलं. टीचमध्ये आणि कॅचमध्ये मुळातच ‘ए’ आहे. बाकीच्या पाचांत नाही. मुळात असलेलं अक्षर भूतकाळातही टिकलं. इतिहासात ते तसंच घडलं की नाही हा पंडितांचा विषय, पण माझी बोटं त्यानंतर एकदाही चुकली नाहीत. आजही ‘टॉट’ लिहिताना डावी करंगळी किंचित हलते, पेननं लिहीत असले तरी.

तसंच ‘से, ले, पे’ या तिघांचं. प्ले-प्लेड, स्टे-स्टेड यांत ‘वाय’ जागेवर राहतो आणि पुढं ‘ई-डी’ लागतं. या तिघांत मात्र ‘वाय’ उठून जातो आणि ‘आय-डी’ येऊन बसतात. सेड, लेड, पेड. “तिघांनाच लक्षात ठेव,” बाई म्हणाल्या, “कचेरीत रोज लागतील. बोललं, ठेवलं आणि पैसे दिले.”

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘हॅड’वर. ही खोड माझी एकटीची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. यस्टरडे आय हॅड गॉन टू दादर. लास्ट इयर वुई हॅड गॉन टू गाव. आपण ‘गेले होते’ म्हणतो, म्हणून ‘हॅड गॉन’ तोंडात येतं. बाईंनी यावर कधी नियम सांगितला नाही. मी ‘हॅड’ म्हटलं की हातातलं काम थांबवून त्या माझ्याकडे बघत आणि विचारत, “मग? पुढे काय झालं?”

“काही नाही. दादरला गेले होते.”

“ते झालं. ‘हॅड’ म्हणालीस ना? मी थांबलेय पुढचं ऐकायला.”

दिवसातून दहा वेळा हे व्हायचं. हळूहळू माझ्या लक्षात आलं. मराठीत ‘काल मी दादरला गेले’ एवढंच म्हटलं तर ऐकणारा पुढचं ऐकायला थांबतो आणि ‘गेले होते’ म्हटलं की गोष्ट मिटते. गेले आणि परत आले, विषय संपला. इंग्रजीत ‘वेंट’नं गोष्ट मिटते आणि ‘हॅड गॉन’ म्हटलं की ऐकणारा ताटकळतो, कारण त्या जाण्याच्या नंतरची, भूतकाळातलीच दुसरी घटना त्याला हवी असते. एकाच ‘होते’चा दोन भाषांतला हा उलटा स्वभाव मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. तो बाईंच्या ‘मग?’मध्ये सापडला.

महाशिवरात्रीला बाई मला गुंफेत घेऊन गेल्या. जोगेश्वरीची गुंफा सहाव्या शतकातली, आपल्याकडच्या फार जुन्या आणि फार मोठ्या शैव लेण्यांपैकी. लांबलचक पायऱ्या उतरून खाली जायचं. बाहेरचं ऊन, वरच्या वस्तीतले आवाज, कुकरच्या शिट्ट्या, सगळं एकेका पायरीला मागे पडत जातं. खाली दगड ओलसर, खांबांची रांग, पाण्याच्या झिरप्यानं मूर्तींचे चेहरे झिजलेले. मधल्या गाभाऱ्यात देवीचं ठाणं. आम्ही गेलो तेव्हा पहाट होती, गर्दी व्हायची होती. एका खांबाच्या बैठकीशी कोपऱ्यात एक पणती तेवत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

परत आल्यावर बाईंनी गुंफेबद्दल इंग्रजीत दहा वाक्यं टाइप करायला सांगितली. वेंट, सॉ, केम, फेल्ट, स्टूड. सगळी साधी भूतकाळी रूपं मी नीट लावली. नवव्या वाक्याला बोटं थांबली. पणती. आम्ही पोचण्याआधीच ती कुणीतरी लावली होती. मी हळूच टाइप केलं : व्हेन वुई केम, समवन हॅड लिट अ लँप.

बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. या खेपेला त्यांनी ‘मग?’ विचारलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या मशीनकडे गेल्या.

दहावं वाक्य बाईंनीच सुचवलं होतं : शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी हा डोंगर कापला. कट-कट-कट. पुट, शट, हिट, हर्ट, कॉस्ट यांच्यासारखंच हे न बदलणारं क्रियापद. बाई एवढंच म्हणाल्या, “दगडाचं काम आहे, रूप कशाला बदलेल?”

त्यांना मराठीचा धागा सापडला नाही असं फार क्वचित झालं. ‘लाय-ले-लेन’ आणि ‘ले-लेड-लेड’ यांच्या गोंधळात भलेभले अडकतात. एकाचं पहिलं रूप तेच दुसऱ्याचं दुसरं. बाईंनी शेजारी लिहिलं : पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे. आपोआप होतं ते एक, कुणीतरी करवतं ते दुसरं. फाइल टेबलावर पडून होती, तिथं ‘ले’. मी फाइल टेबलावर ठेवली, तिथं ‘लेड’. झाड पडलं तर ‘फेल’, झाड पाडलं तर ‘फेल्ड’. पुढे नोकरीत कुणी यावर अडलं की मी त्याला आधी ‘पड-पाड’ म्हणायला लावलं आणि मग इंग्रजीकडे वळवलं. रेन आणि मार्टिनचं जाडजूड व्याकरण मी नंतर विकत घेतलं आणि आदरानं वापरलं. त्यात सगळं आहे. पण ‘पड-पाड’ त्यात असणार तरी कसं?

मला नोकरी लागली ती १९८५च्या मार्चमध्ये, दुसऱ्याच एका कचेरीत. तिथंही पत्र लिहायला दिलं. वाचणाऱ्या बाईंनी मान हलवली आणि कागद फाइलला लावला. तेहतीस वर्षं मी त्या कामात काढली. मशिनं गेली, इलेक्ट्रॉनिक आली, मग संगणक आले. गोदरेजनं १९५५ साली भारतीय बनावटीचं टाइपरायटर आणलं होतं, त्याचंही उत्पादन काळाच्या ओघात बंद झालं. बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चाळीच्या जागी टॉवर आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. नोकरीच्या आदल्या वर्षी, १९८४च्या पावसाळ्यातच, अण्णांच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. घरात फक्त आईच्या शिवणाचे पैसे येत. मी क्लास सोडते असं सांगायला बाईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, “चाळीसची परीक्षा दे, मग बघू.” सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चार महिन्यांची फी मी दिली नाही. बाईंनी एकदाही विषय काढला नाही. जानेवारीत अण्णांना दुसरीकडे काम मिळालं आणि मी पुन्हा फी द्यायला लागले, पण ते चार महिने डोक्यात घर करून होते.

पहिला पगार झाला त्या संध्याकाळी पेढे आणि चार महिन्यांच्या फीचं पाकीट घेऊन मी माळ्यावर गेले. शेवटची बॅच सुटली होती. बाई मशिनांवर रेक्झिनची झाकणं घालत होत्या. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. ड्रॉवरमधून फीची लांबट वही काढली, माझ्या नावाचं पान उघडलं आणि माझ्यापुढं ठेवली.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. चारही महिन्यांपुढं त्यांच्या बारीक उभट अक्षरात एकच शब्द होता. पी, ए, आय, डी.

“बाई, हे मी दिलेले नाहीत.”

“इंग्रजीत सांग.”

“आय डिड नॉट पे.”

“बरोबर बोललीस. आता वहीत काय आहे ते सांग.”

मी पानाकडे बघत राहिले. “इट हॅज बीन पेड.”

“कुणी?”

मला उत्तर येईना. बाईंनी वही मिटली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडायला घेतला.

“कर्मणी आहे ते,” त्या म्हणाल्या. “त्यात कर्ता सांगावा लागत नाही.”